रविवारची शाळा आणि एका भाषेचे आयुष्य

संडे स्कूल म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. चर्चमध्ये मोठ्यांची प्रार्थना चालू आहे आणि तेवढ्या वेळात शेजारच्या खोलीत कोणी बाई लहान मुलांना नोहाच्या नौकेची चित्रे रंगवायला देत आहेत. थोडक्यात, मुलांना तासभर गुंतवून ठेवण्याची सोय! वर्षानुवर्षे या देशात राहिलेल्या मराठी माणसालाही यापलीकडे फारशी माहिती नसते, आणि नसली तर त्यात नवल नाही. पण याच रविवारच्या शाळेने दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांच्या मुलांना अक्षरओळख करून दिली, आणि शेजारच्या वेल्समध्ये तर एक अख्खी भाषा हातात हात धरून पुढे नेली. आपल्या मुलांनी मराठी बोलावे म्हणून दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये मराठी शाळा भरवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकिकत ऐकण्यासारखी आहे.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण इंजिनिअरिंगच्या डॉक्टरेटसाठी चार वर्षे स्वॉन्झीला राहिलो, आणि तिथल्या दोन भाषांतल्या पाट्या रोज वाचता वाचता एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. वेल्स हा इंग्लंडला अगदी चिकटून असलेला चिमुकला देश. मधे समुद्र नाही. १५३६ च्या कायद्याने न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली आणि सरकारी हुद्दा हवा असेल तर इंग्रजी आलेच पाहिजे असे ठरले. ना राजाश्रय, ना विद्यापीठ, ना बाजारपेठ. तरीही १९०१ च्या जनगणनेत वेल्समधली जवळजवळ निम्मी माणसे, म्हणजे सुमारे ९ लाख ३० हजार, वेल्श बोलत होती. समुद्रापलीकडच्या आयरिश भाषेची मात्र त्याच शतकात झपाट्याने पीछेहाट झाली होती. मग वेल्श टिकली कशी?

उत्तरे अनेक आहेत. त्यातले एक मला रविवारच्या शाळेत सापडले.

काजळीच्या गल्लीतली शाळा

आधी इंग्लंडकडे वळू. ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स नावाचे गृहस्थ वडिलांकडून आलेले ‘ग्लॉस्टर जर्नल’ हे वृत्तपत्र चालवत. शहरात टाचण्यांचे कारखाने होते आणि त्यांत लहान मुले सोमवार ते शनिवार राबत. रविवारी कारखाने बंद, त्यामुळे ही मुले रस्त्यावर हुंदडत, मारामाऱ्या करत. तुरुंगसुधारणेत लक्ष घालणाऱ्या रेक्स यांना वाटले, यातलीच काही उद्या तुरुंगात दिसणार. १७८० मध्ये त्यांनी स्थानिक धर्मगुरू थॉमस स्टॉक यांच्या साथीने ‘सूटी ॲली’, म्हणजे काजळीच्या गल्लीत, एका बाईंच्या घरी रविवारची शाळा सुरू केली. शिकवायचे काय? मुख्यतः वाचायला. पाठ्यपुस्तक बायबल, कारण घराघरात मिळू शकणारे पुस्तक तेच.

१७८३ च्या नोव्हेंबरात रेक्स यांनी आपल्या पत्रातून या प्रयोगाची माहिती दिली आणि कल्पना वणव्यासारखी पसरली. १७८५ मध्ये लंडनला संडे स्कूल सोसायटी स्थापन झाली. स्टॉकपोर्टच्या गिरणगावात तर पुढे हजारो विद्यार्थ्यांची एकच अवाढव्य शाळा उभी राहिली. १८५१ च्या जनगणनेवेळी इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे २४ लाख नावे रविवारच्या शाळांच्या पटावर होती.

विरोधही कमी झाला नाही. शेतमजुराला वाचता आले तर तो नांगर कशाला धरील, ही जमीनदारांची धास्ती. रविवार हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी शिकवणे म्हणजे काम, ही धर्मनिष्ठांची हरकत. मेंडिप टेकड्यांत शाळा काढणाऱ्या हॅना मोर यांच्यासारख्या लेखिकेनेही गरिबांना वाचायला शिकवले, पण लिहायला शिकवणे टाळले. वाचणारा ऐकून घेतो, लिहिणारा उत्तर देतो, हा फरक त्या काळच्या वरच्या वर्गाला चांगला ठाऊक होता! आपल्याकडे महात्मा फुल्यांना १८४८ नंतर पुण्यात जे सोसावे लागले, त्याच जातीची ही भीती.

१८७० च्या शिक्षण कायद्यानंतर गावोगावी सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळा निघाल्या. वाचायला शिकवण्याचे काम त्यांच्याकडे गेले आणि इंग्लंडमधल्या संडे स्कूलकडे मुलांचे धर्मशिक्षण तेवढे उरले. सुरुवातीला सांगितलेले चित्र रंगवण्याचे चित्र तिथून पुढचे.

वेल्सचा निराळा रस्ता

वेल्समध्ये गोष्ट निराळी घडली, कारण तिथे पाया आधीच घातलेला होता. १५८८ मध्ये विल्यम मॉर्गन या धर्मगुरूने संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. त्यामुळे दरबार नसलेल्या या भाषेला निदान एक प्रमाण ग्रंथ आणि दर रविवारी तो मोठ्याने वाचण्याची जागा मिळाली. पण ऐकणाऱ्यांपैकी वाचता किती जणांना येत होते?

इथे ग्रिफिथ जोन्स यांचे नाव घ्यावे लागते. कार्मार्थनशरमधल्या एका खेड्याचे हे धर्मगुरू. १७३१ पासून त्यांनी फिरत्या शाळा काढल्या. शिक्षकाने एका गावात जायचे, शेतीची कामे कमी असतात अशा हिवाळ्यात तीनेक महिने राहायचे, लोकांना वाचायला शिकवायचे आणि पुढच्या गावाला निघायचे. शिकवणे वेल्शमधून. इंग्रजीतून शिकवायचे तर आधी भाषा शिकवा, मग अक्षरे. त्यात आयुष्य जाईल, असा त्यांचा रोखठोक हिशेब होता. दिवसा मुले आणि रात्री कामावरून आलेली मोठी माणसे. १७६१ मध्ये ते वारले तोवर दीड लाखाहून अधिक विद्यार्थी या शाळांतून गेले होते. संपूर्ण वेल्सची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. ब्रिजेट बेव्हन या श्रीमंत बाईंनी पैसा पुरवला आणि जोन्स यांच्या मागे शाळा चालवल्याही. १७७९ मध्ये त्या गेल्या, मृत्युपत्रावर वाद झाला, पैसा कोर्टात अडकला आणि शाळा बंद पडल्या. एका माणसावर आणि एका थैलीवर उभ्या असलेल्या संस्थेचे जे होते तेच झाले.

थॉमस चार्ल्स यांनी यातून पुढचा मार्ग काढला. उत्तर वेल्समधले बाला हे तळ्याकाठचे छोटे गाव. ऑक्सफर्डला शिकलेले चार्ल्स लग्नानंतर तिथे आले. पत्नी सॅली दुकान चालवत आणि त्या दुकानावर संसार चाले. पंथाच्या मतभेदांमुळे चार्ल्स यांना चर्चमध्ये जागा मिळेना, म्हणून ते मेथडिस्टांना मिळाले आणि १७८५ च्या सुमारास त्यांनी फिरत्या शाळा पुन्हा सुरू केल्या. पण पगारी शिक्षक नेमायचे तर पैसा लागतो, आणि शिक्षक पुढच्या गावी गेला की मागच्या गावातले शिक्षण विरते. तेव्हा चार्ल्स यांनी रविवारच्या शाळेची कल्पना उचलली आणि तिला पूर्ण वेगळे रूप दिले. शिक्षक गावातलेच आणि बिनपगारी. विद्यार्थी म्हणजे सगळे गाव.

वेल्श लोक हिला ‘अस्गोल सील’ म्हणतात. रविवारी दुपारी चॅपेलमध्ये गट पडत. एका कोपऱ्यात अक्षरे गिरवणारी चिमुरडी, दुसरीकडे अडखळत वाचणारी पोरे, पलीकडे तरुण, एका बाजूला बायका, आणि भिंतीशी म्हातारे. शिकवणारा कोणी मोची, कोणी गुराखी, कोणी पाटीच्या दगडाच्या खाणीतला कामगार. मोठ्यांच्या गटात व्याख्यान नसे. प्रत्येकाने एकेक ओवी वाचायची आणि मग तिच्यावर सगळ्यांनी बोलायचे: हा शब्द इथे का आला, याचा अर्थ काय, मागच्या अध्यायात तर उलटे म्हटले होते, त्याचे काय? चार्ल्स यांनी या वर्गांसाठी बायबलचा कोश आणि प्रश्नोत्तरांचे पुस्तक स्वतः लिहिले. वर्षाकाठी आसपासच्या शाळा एकत्र येत. दक्षिण-पश्चिम वेल्समध्ये एकेक शाळा नेमून दिलेला उतारा तालासुरात म्हणे आणि मग धर्मगुरू सर्वांदेखत त्यावर प्रश्न विचारत. आपल्या पारायणाची आणि भजनी मंडळांच्या स्पर्धेची आठवण यावी असा हा प्रकार.

पुस्तकांची भूक किती होती याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. मेरी जोन्स ही विणकराची मुलगी. स्वतःचे बायबल घेता यावे म्हणून तिने सहा वर्षे पैसे साठवले आणि १८०० मध्ये, पंधरा-सोळा वर्षांची असताना, सुमारे ४० किलोमीटर चालत ती बालाला चार्ल्स यांच्याकडे पोहोचली. अनवाणी गेली, असे सांगतात. तिचे ते बायबल आज केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयात आहे. वेल्श पुस्तकांचा हा तुटवडा चार्ल्स यांनी लंडनला जाऊन मांडला, आणि त्या खटपटीतूनच १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी निघाली. पुढे तिच्याच मुंबईच्या शाखेने मराठी बायबल छापले. बालाच्या दुकानदारणीच्या घरातून आपल्या मराठी छापखान्यापर्यंत असा एक धागा येऊन पोहोचतो.

निळी पुस्तके आणि गळ्यातली पाटी

ही रविवारची शाळा किती मोलाची होती ते १८४७ मध्ये सिद्ध झाले. वेल्समधल्या शिक्षणाची पाहणी करायला लंडनने तीन तरुण इंग्रज वकील पाठवले. तिघांनाही वेल्श येत नव्हते. त्यांच्या निळ्या बांधणीच्या तीन खंडांत शाळांच्या दुरवस्थेबरोबरच वेल्श लोकांच्या नीतिमत्तेवर आणि भाषेवरही ठपका होता. लोक भडकले. ‘निळ्या पुस्तकांचा दगा’ हे नाव या प्रकरणाला कायमचे चिकटले. मात्र त्याच अहवालात रविवारच्या शाळांची दखल घेणे भाग पडले, कारण दिवसाच्या मोडक्या शाळांपेक्षा तिथे कितीतरी जास्त माणसे वाचायला शिकत होती, आणि त्यांत मोठी माणसेही होती.

दिवसाची शाळा इंग्रजीची होती. काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची छोटी पाटी अडकवत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना जिच्या गळ्यात पाटी, त्याला छडी. हा सरकारचा हुकूम नव्हता. शिक्षकच हे करत, आणि मुलांनी इंग्रजी शिकून पुढे जावे असे अनेक पालकांनाही वाटे. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण पोटासाठी इंग्रजी हवी हे त्यांचे गणित आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. आपण सगळे त्याच गणिताने इथवर आलो आहोत.

फरक एवढाच, की सहा दिवस इंग्रजी शाळेत जाणारे ते मूल सातव्या दिवशी अशा खोलीत जाई जिथे त्याचा बाप, आजी आणि शेजारचा खाणकामगार वेल्शमध्ये वाचत असत आणि गहन विषयांवर वाद घालत असत. वेल्श ही चुलीपाशी बोलायची बोली आणि विचार करायचा तो इंग्रजीत, असे त्या मुलाला वाटण्याची सोयच नव्हती. माझ्या मते सगळे इंगित इथे आहे.

स्वॉन्झीला असताना शेजारच्या एका वयस्क गृहस्थांबरोबर मी दोन-तीनदा त्यांच्या चॅपेलमागच्या खोलीत भरणाऱ्या अशा वर्गाला गेलो होतो. सातआठ जण होते आणि साठीच्या आतला बहुधा मीच. मला वेल्शचे दहा शब्दही येत नव्हते, म्हणून ते गृहस्थ हळूच कानाशी इंग्रजीत सांगत. एका शब्दाच्या अर्थावरून दोन आजीबाई पाऊण तास भांडल्या, आणि मग दोघींनी मिळून सगळ्यांना चहा दिला. ज्ञानेश्वरीच्या एका ओवीवरून आमच्या वाड्यात असेच होई. मात्र त्या खोलीत एकही मूल नव्हते, हे मला तेव्हाही जाणवले होते.

देशांतराला गेलेली शाळा

वेल्श माणसे जिथे गेली तिथे ही शाळा घेऊन गेली. १८४१ मध्ये थॉमस जोन्स हे वेल्श मिशनरी चेरापुंजीला पोहोचले आणि त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत, बरीचशी वेल्श वळणाने, लिहायला घेतली. मिझोरामच्या टेकड्यांत लिपी आधी दोन इंग्रज मिशनऱ्यांनी बसवली आणि १८९७ पासून वेल्श मिशनने तिथे काम केले. मिझोराममध्ये आजही रविवारी मुलांपासून आजोबांपर्यंत सारे आपापल्या गटात वर्गाला बसतात. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची साक्षरता ९१.३३ टक्के होती, देशातल्या सर्वांत वरच्या काही राज्यांपैकी. श्रेय एकट्या रविवारच्या शाळेचे नाही, पण तिचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेतली कथा आपल्या जास्त जवळची. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोच्या खाणपट्ट्यांत हजारो वेल्श कुटुंबे गेली. चॅपेल उभी राहिली, वेल्श वृत्तपत्र निघाले, रविवारच्या शाळा भरल्या. पण तिथे जन्मलेली मुले आपसांत इंग्रजी बोलू लागली. वर्ग त्यांच्यासाठी इंग्रजीत झाले, आणि दोन-तीन पिढ्यांत वेल्श गाण्यांपुरती उरली. बालाचेच मायकल डी. जोन्स यांनी हे ओहायोत डोळ्यांनी पाहिले होते. इंग्रजीपासून दूर कुठेतरी वसाहत करावी या त्यांच्या ध्यासातून १८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजाने सुमारे दीडशे माणसे अर्जेंटिनातल्या पाटागोनियात उतरली. तिथे शाळा, चॅपेल, कारभार, सारे वेल्शमध्ये चालले. पुढे स्पॅनिश आलीच, पण आजही चुबुटच्या खोऱ्यात वेल्श बोलणारी माणसे भेटतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वेल्श टिकण्याचे सगळे श्रेय चॅपेलला देता येत नाही. दक्षिण वेल्समध्ये कोळसा आणि लोखंडाचे उद्योग वाढले, त्यामुळे खेड्यातल्या वेल्श माणसाला आयरिश माणसासारखे सरसकट समुद्र ओलांडून जावे लागले नाही. आणि ज्या चॅपेलने भाषा सांभाळली, त्याच्याच गळ्यात तिचे गाठोडे पडले. पहिल्या महायुद्धानंतर चॅपेल रिकामी होत गेली तशी भाषेची रविवारची बैठकही मोडली. २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ लाख ३८ हजार, होते. विसाव्या शतकात वेल्श माध्यमाच्या शाळा निघाल्या, १९८२ मध्ये वेल्श दूरचित्रवाहिनी आली, आणि मोठ्यांसाठी वर्ग सुरू झाले. आज वेल्श शिकणाऱ्यांत असे कितीतरी आईबाप आहेत, ज्यांचे मूल वेल्श शाळेत जाते आणि म्हणून तेही वर्गाला बसतात. देवळातून निघालेली जुनी युक्ती देवळाबाहेर पुन्हा कामाला आली.

आपले काय?

आपल्या मराठी शाळा पाहा. रविवारी सकाळी मुले वर्गात ‘कमळातला क’ गिरवतात. आईवडील बाहेर कॉफी घेत घरांच्या किमती आणि शाळांच्या प्रवेशांबद्दल बोलतात, निम्मे इंग्रजीत. शिकवणाऱ्या दोन-तीन भगिनी वर्षानुवर्षे तळमळीने राबतात, त्यांना माझा नमस्कार. पण मूल काय शिकते? मराठी ही मुलांना शिकायला लावायची गोष्ट आहे. मोठे झाले की सुटका! बारा-तेरा वर्षांचे झाले की ते शाळा सोडते, कारण मोठी माणसे तिथे काही शिकताना त्याने पाहिलेलीच नसतात. आमच्या व्यवसायात एखाद्या प्रणालीची माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असली की आम्ही अस्वस्थ होतो. अख्खी भाषा सात वर्षांच्या मुलांवर सोपवून आपण मात्र निर्धास्त आहोत.

सर्व वयांनी एकत्र बसून शिकणे आपल्याला नवीन नाही. वारकऱ्यांचे फड, गावोगावची पारायणे याच जातीची. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या, आणि १९३४ पासून त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या या बाईंनी मराठी गद्याला एक लेणे दिले. शिकायचे वय निघून गेले असे त्यांना कोणी सांगितले असते तर?

म्हणून माझी सूचना साधी आहे. मुलांचा वर्ग चालू असतो त्याच तासाला, त्याच इमारतीत मोठ्यांचाही वर्ग असावा. व्याख्यान नको, पाहुणे वक्ते नकोत, सत्कार तर नकोच. एक मराठी पुस्तक घ्यावे, कोणतेही: तुकारामांची गाथा, ‘स्मृतिचित्रे’, एखादी कादंबरी. प्रत्येकाने एकेक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि त्यावर मराठीत बोलावे, वाद घालावा. इथे वाढलेले तरुण, अमराठी सुना-जावई, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, सगळ्यांना जागा असावी. ज्यांना देवनागरी वाचता येत नाही त्यांनी मुलांच्या बाकावर बसायला लाजू नये. महिन्यातून एकदा मुलांनी आणि मोठ्यांनी एकच उतारा घ्यावा. अमेरिकेतल्या संडे स्कूलवाल्यांनी १८७२ मध्ये साऱ्या देशातल्या सर्व वयांसाठी एका रविवारी एकच धडा ठरवला होता. आपल्याला तर एकाच हॉलपुरते जमवायचे आहे.

खर्च शून्य. हॉलचे भाडे मुलांच्या शाळेसाठी भरलेलेच आहे आणि कॉफीही तयार असते. कार्यकारिणीची परवानगी असेल तर पहिल्या महिन्याचे पुस्तक निवडून त्याच्या प्रती आणायचे काम मी करतो. चार जण आले तरी वर्ग सुरू करू. फक्त दार उघडे ठेवू, म्हणजे मधल्या सुट्टीत पळणाऱ्या मुलांना आत आपले आईबाप पुस्तक उघडून भांडताना दिसतील.